वाघाचं वावर

“दार लावा! अरे दार लावा ना लेकहो, मेळघाट उडून राहिला!”

गावंडे ओरडत होता. उभ्यानं नव्हे. वनखात्याच्या कचेरीतल्या सगळ्यात मोठ्या खोलीच्या फरशीवर तो पालथा पडला होता, दोन्ही हात पसरून, आणि चिखलदऱ्याचा कडा त्यानं हनुवटीखाली दाबून धरला होता. डाव्या कोपराखाली सिपना नदी, उजव्या गुडघ्याखाली सेमाडोहचा साग, आणि पोटाखाली किती वाघ नि किती अस्वलं चिरडली जात होती ते त्याचं त्यालाच ठाऊक. बाकीचा मेळघाट खोलीभर फडफडत होता. एक दरी टेबलाखाली गेली, एक टेकडी भिंतीवरच्या घड्याळाला जाऊन चिकटली, आणि चांगलं घनदाट असं एक रान खिडकीतून थेट रस्त्यावर.

विमानातून काढलेले फोटो होते ते. काळेपांढरे, पाटीएवढे. कडेला कड जुळवून आम्ही ते फरशीवर मांडत होतो, आणि मांडता मांडता सगळा डोंगरी मुलूख अमरावतीच्या त्या खोलीत येऊन निजला होता. बाहेर चैत्राचा वारा पिसाळलेला. म्हणून दारं घट्ट बंद, आणि आत आम्ही असे शिजत होतो की सकाळी डब्यात आणलेली भाकरी दुपारपर्यंत दुसऱ्यांदा भाजून निघायची. अशा वेळी दार उघडून आत कोण यावं? खुद्द लेलेसाहेब. ज्यांच्या हुकुमानं दारं बंद होती, ते.

“काय गोंधळ आहे हा?” साहेब उंबऱ्यातूनच म्हणाले.

“साहेब, तुमी अंदर या नाहीतर बाहेर जा,” गावंडे हनुवटी न हलवता म्हणाला, “पन दारात उभं राहू नोका. जंगल चाल्लं.”

रस्त्यावर गेलेलं रान शिपायानं धावत जाऊन आणलं, पण तोवर एका बकरीनं त्याचा कोपरा खाल्ला होता. विमानातून टिपलेलं राखीव जंगल बकरीनं चरण्याचा हा सबंध हिंदुस्थानातला पहिलाच प्रसंग असावा. मी खोटं बोलत नाही. वाढवून सांगतो कधी कधी, पण तेही जिथे मुळात कमी पडलं असेल तिथेच.

आज हे सगळं वर आलं ते मोहामुळे. पळस फुलून, जळून, झडून गेले. निंबाला बारीक मोहर आला आहे. आणि पहाटे अंगणात बसलं की उत्तरेकडून एक गोडसर, आंबूस, थोडा झिंगलेला वास येतो. मेळघाटात मोह गळायला लागला. घरचे म्हणतात, एवढ्या लांबून वास येणं शक्य नाही. त्यांना येत नसेल. ज्याच्या नाकात तो एकदा एक उन्हाळाभर राहून गेला, त्याला तो मुंबईतही येईल.

त्यात माझी नात मेधा आलेली. वाढली पुण्यात, आणि काम करते जंगलांच्या चित्रांचं. विमानातून काढलेल्या नव्हे, उपग्रहानं काढलेल्या. परवा तिनं आपला संगणक स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मी हरभरे सोलत बसलो होतो तिथे उघडला आणि म्हणाली, “आजोबा, हा बघा तुमचा मेळघाट.” मी पाहिलं तर सगळा डोंगर रक्तासारखा लाल.

“आग लागली काय?”

“नाही हो. यात लाल म्हणजे जंगल. जितकं दाट तितकं जास्त लाल. आणि हे फिकट ठिपके आहेत ना, तिथे माणसांचा वावर.”

मी हातातला हरभरा खाली ठेवला. “कोणता वावर? तो वावर, की ते वावर?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. पुण्यात वाढलेल्या मुलीकडून आणखी काय अपेक्षा करणार! लेलेसाहेबही असेच पाहत राहिले होते.

त्या उन्हाळ्याबद्दल आधी सांगतो. वऱ्हाडात उन्हाळा पाहुणा म्हणून येत नाही, मालक म्हणून येतो. अकोल्यात, माझ्या माहेरच्या गावी असं म्हणायला पुरुषाला परवानगी असेल तर माझ्या माहेरच्या गावी, दुपारी सावलीसुद्धा घराबाहेर पडत नसे. माझे वडील तिथे भिक्षुकी करायचे. ते सांगत, सत्यनारायणाचा शिरा त्या दिवसांत चुलीवर ठेवायचा नसतोच, गच्चीवर ठेवायचा. अमरावती त्या मानानं थंड, म्हणजे इथे शाई दौतीतून नकाशापर्यंत पोचेस्तोवर ओली राहायची. खिडकीला वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. शिपाई त्यांच्यावर पाणी मारी आणि मग काही क्षण खोलीत पहिल्या पावसानंतरच्या वाटेसारखा वास दरवळे. त्या वासात बसून आम्ही जंगल पाहायचो.

पाहायचं एक यंत्र होतं. चार पायांवर उभं राहणारा चष्माच म्हणा. दोन भिंगं, आणि त्यांच्याखाली एकाच जागेचे, पण विमानानं किंचित पुढेमागे टिपलेले दोन फोटो ठेवायचे. डोळे लावले की आधी काहीच नाही, नुसती करडी बुरशी. मग एकदम, कुणी खालून ढकलल्यासारखा, डोंगर उभा राही. झाडं ताठ होत. दरी खाली, खोल खोल निघून जाई. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी टेबलाची कड घट्ट धरली होती. आमच्या शिपायानं तर डोळे लावले आणि “अरे बाप्पा!” म्हणून तो जो मागे सरला तो पाण्याच्या माठावर. त्यानंतर तो कुणालाही सांगत असे की नोकरीच्या वेळेत तो गाविलगडावरून पडला आहे.

तसं शांत पाहणं मला पुन्हा आयुष्यात मिळालं नाही. खाली फोटोत वारा नाही, आवाज नाही. झाडांच्या सावल्या एकाच बाजूला पडलेल्या, आणि तशाच पडून राहिलेल्या. दिवस सरायचा, आमच्या खिडकीतलं ऊन भिंतीवर चढायचं, पण त्या जंगलात सकाळच्या कुठल्याशा घटकेची तीच सावली. मी कितीतरी वेळ काम सोडून एका नाल्याकाठानं डोळ्यांनी चालत जायचो. कुणी हाक मारली की परत यायला वेळ लागे.

गावंडे माझ्या शेजारच्या टेबलावर. तेल्हाऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. आडदांड, आणि हात मात्र सोनाराचा. कापडी नकाशावर तो अशी रेघ ओढायचा की तिच्यावरून मुंगी घसरावी. मी भिक्षुकाचा मुलगा म्हणून मला तो “महाराज” म्हणे, आणि त्यात आदर किती ते तुम्हीच ओळखा. तो सांगायचा, विमान जेव्हा तेल्हाऱ्यावरून घरघरत गेलं तेव्हा गावात बोलबाला झाला की सरकार वरून वावरं मोजून राहिलं, आता शेतसारा वाढणार. त्याच्या काकानं काय करावं? रातोरात निंबाचे, बाभळीचे फाटे तोडून आपल्या सगळ्या वावरात उभे रोवले. वरून दिसलं तर जंगल दिसावं म्हणून! “मंग?” मी विचारी. “मंग काय, शेजाऱ्याच्या बकऱ्या शिरल्या. जंगलच व्हय म्हनून शिरल्या. तूर खाऊन गेल्या.” ही गोष्ट मी थोडी कमीच करून सांगतो आहे. गावंडेच्या तोंडून ऐकताना त्यात बिबट्याही यायचा.

वावर म्हणजे आमच्याकडे शेत. हे वऱ्हाडात कुणाला सांगावं लागत नाही. “वावरात गेला”, “वावर पेरलं”, “वावर विकलं”. ते वावर. शब्दाला काळ्या मातीचा वास आहे. पुण्याकडे वावर म्हणजे नुसतं येणंजाणं, असणं. “या घरात त्यांचा फार वावर.” तो वावर. त्याला मातीचा वास नाही, वास असलाच तर अत्तराचा. दोन्ही शब्द एकमेकांना कधी भेटले नव्हते, कारण पुणं नि वऱ्हाड तोवर एका राज्यात नव्हतं. नवं राज्य झालं, साहेबांच्या बदल्या झाल्या, आणि लेलेसाहेब आमच्याकडे आले.

त्यांच्या आडनावाची इथे आल्या आल्या वाट लागली. आम्ही कुणाला काही द्यायचं तर “त्याले” देतो, “मले” देतो. आता लेल्यांना द्यायचं तर? “हा कागद लेलेले दे.” “लेलेले इचारलं काय?” “लेलेले ताप आला.” दिवसभर कचेरीत ते लेलेले ऐकून साहेबांना वाटे, कुणीतरी त्यांना वेडावून दाखवतं आहे. पण माणूस सज्जन. जंगलावर त्यांचा खरा जीव. सोला हॅट घालत, चहाला नाही म्हणत, आणि प्रत्येकाला, शिपायालासुद्धा, “अहो” म्हणत. शिपाई त्यामुळे बिथरला होता. ‘अहो’ म्हटलं की नोकरीवरून काढणार, असं त्याला वाटे.

तर या लेलेसाहेबांनी गावंडेला काम दिलं. “फोटो नीट बघा. राखीव जंगलात जिथे जिथे मानवी वावर दिसेल, तिथे नकाशावर लाल रंग द्या.”

“हाव साहेब,” गावंडे म्हणाला. तो मनापासून खूश झाला होता. उभ्या जंगलात वावर शोधायचं! शेतकऱ्याच्या पोराला याहून सोपं काम कोणतं?

आणि त्यानं शोधलं. त्याची नजरच तशी. कडेकडेला, पायथ्याच्या गावांजवळ, फिकट चौकोन, त्यांना धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, बारीक रेघा. लाल, लाल, लाल. जंगलात इतरही बोडके चौकोन होते, अगदी पट्टीनं आखल्यासारखे. ते आमच्याच खात्याचे कूप, म्हणजे दरवर्षी साग तोडायला ठरवून दिलेले तुकडे. ते लाल करायचे नव्हते. त्यांना निळा. आपण तोडलं की ते नियोजन होतं, त्याचा रंग निळा असतो. मी तेव्हा यावर फार विचार केला नाही. आता करतो, हरभरे सोलताना.

मग एका दुपारी गावंडेनं मला यंत्रापाशी बोलावलं. “महाराज, हे पाहा. लपवून ठेवलं लेकाईनं.” ऐन जंगलाच्या पोटात, जामढाणा नावाच्या कोरकू आदिवासींच्या पाच-पंचवीस झोपड्यांच्या वस्तीवर, एक सपाट पठार. भोवती काळंभोर रान, आणि मधे हे पांढुरकं, स्वच्छ. त्यात ऐसपैस अंतरावर मोठी मोठी झाडं. आपल्याकडे वावरात आंबा, निंब ठेवतात तशी. “वावर,” गावंडे म्हणाला, आणि ते अख्खं पठार त्यानं लाल केलं. त्या लाल रंगाकडे पाहून त्याचा स्वतःचाच जीव हरखला. “लय मोठ्ठं वावर हाय हो. आमच्या काकाले दाखवलं पाहिजे.”

नकाशा मोठ्या साहेबांपुढे गेला. मोठे साहेब नागपूरकडचे, घरी भरपूर शेती असलेले. मी नकाशाचं एक टोक धरून उभा होतो, गावंडे दुसरं. टोक धरणाऱ्यानं बोलायचं नसतं. त्यांनी जामढाण्यावर बोट ठेवलं.

“हे काय? राखीव जंगलाच्या मधोमध?”

“वावर आहे, सर,” लेलेसाहेब म्हणाले.

“वावर? इथे? कधीपासून?”

“जुना असणार. पिढ्यान्‌पिढ्यांचा.”

“आणि आपल्या लोकांना पत्ता नाही!”

“पावसाळ्यात कमी असतो, सर. उन्हाळ्यात फार.”

मोठे साहेब विचारात पडले. “उन्हाळ्यात? मग पाणी कुठलं?”

“वर झरा आहे ना. तिथेच सगळे जातात.”

“म्हणजे ओलिताचं!” मोठ्या साहेबांनी टेबलावर असा हात मारला की माझ्या हातातलं टोक सुटलं. “राखीव जंगलात ओलिताचं वावर करून राहिले हे लोक!”

ओलिताचं म्हणजे पाणी देऊन पिकवलेलं. लेलेसाहेबांना हा शब्द ठाऊक नव्हता. पुढे त्यांनीच मला सांगितलं, त्यांना वाटलं ‘गंभीर’ला वऱ्हाडीत ओलिताचं म्हणत असावेत. म्हणून ते गंभीर चेहरा करून म्हणाले, “होय सर. चांगलंच ओलिताचं.”

तो वावर, ते वावर. फरक एका कान्याचा. पण पुण्याच्या माणसाचं व्याकरण मोठ्या साहेबांनी केव्हाच सोडून दिलेलं, आणि नागपूरच्या माणसाचं लेलेसाहेबांनी. दोघं एकमेकांच्या शब्दाशब्दाला मान डोलवत होते. इतकं एकमत मी आमच्या कचेरीत पुन्हा पाहिलं नाही.

“समक्ष जाऊन पाहा,” मोठे साहेब शेवटी म्हणाले. “वावर असलं तर पावसाच्या आत जामढाणा खाली मैदानात आणायचं. सगळं गाव. झोपडी न्‌ झोपडी.”

लेलेसाहेब बाहेर आले. माणसं जंगलात हिंडतात, म्हणून गाव उठवायचं? जरा जास्तच झालं, असं त्यांना वाटत असणार. पण जंगल वाचवायला तर ते आले होते. व्हरांड्यात हॅट हातात घेऊन ते बराच वेळ ऊन पाहत उभे राहिले.

आम्ही जीपनं निघालो. परतवाडा सोडलं की रस्ता वर वळायला लागतो आणि मागे वळून पाहिलं की खाली सगळं वऱ्हाड. कपाशीची सरलेली, नांगरून टाकलेली काळी वावरं, धुऱ्याला धुरा लागून, अमरावतीपासून अकोल्यापर्यंत, आणि तिथून पुढे डोळा जाईल तिथवर. एक झाड दिसलं तर त्याच्याखाली बैल बांधलेला. गावंडेही मागे वळून पाहत होता. “एका जमान्यात हेही जंगलच असन, नाही?” तो म्हणाला. “हे कोनं लाल केलं नाही अजून.” मग तो पुढे तोंड करून बसला, आणि घटांग येईपर्यंत बोलला नाही. गावंडे इतका वेळ गप्प बसला हे कचेरीत कुणाला पटलं नसतं, म्हणून मी कधी सांगितलंच नाही.

जंगल त्या दिवसांत उघडंबोडकं असतं. सागानं पानं टाकलेली, आणि त्या पानांवरून चालताना असा आवाज की रानातल्या सगळ्या जनावरांना आपला पत्ता आधीच कळावा. फोटोत जे इतकं मुकं होतं ते सगळं बोलत होतं. करकर, खसखस, लांब कुठेतरी एक मोर. आणि चढ संपता संपता तो वास आला. गोड, जड. श्वास घ्यायचा नाही, प्यायचा.

पठारावर मोहाची झाडं होती. अफाट, जुनी, ऐसपैस अंतरावर. खाली जमीन आरशासारखी साफ. कुठे राखेचे काळे वेढे, कुठे खराट्याच्या ताज्या रेघा. आणि त्या साफ जमिनीवर मोहाची फुलं, फिकट पिवळी, रसानं टच्च फुगलेली, टप, टप, एकेक पडत होती. बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या. आम्हाला पाहून त्यातली एक उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवून वाट पाहू लागली. ती फुलमती, जामढाण्याच्या पटेलाची, म्हणजे गावप्रमुखाची, बायको. तिचं बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी, आणि राग आला की सगळं कोरकू.

“पटेल बाजाराले गेला,” आम्ही काही बोलायच्या आत ती म्हणाली. “काय इचाराचं ते मले इचारा.”

गाव उठवायची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. जंगलात बातमी जीपच्या आधी जाते. तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. तिच्या मागच्या बायकांनी वेचणं थांबवलं होतं.

लेलेसाहेब मोहाखाली उभे राहिले. “बाई, खरं सांगा. इथे वावर आहे की नाही?”

“नाई.”

“नीट बघून सांगा.”

फुलमतीनं अगदी सावकाश, चारी बाजूंनी, पाहुण्याच्या समाधानासाठी म्हणून बघितलं. “नाई.”

“ही पायवाट कुणाची?”

“आमची.”

“ही राख?”

“आमचीच. पाला जाळतो. मोह येचाले सोपं पडते.”

“आणि त्या फांद्या कुणी तोडल्या?”

“आमीच. सैपाक काय उनावर करू?” (अकोल्यात करतात, असं माझ्या ओठावर आलं होतं.)

“आणि तरी वावर नाही?”

“नाई म्हनलं ना, साहेब.”

“खोटं बोलू नका!” लेलेसाहेबांचा आवाज चढला. त्यांचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकत होतो. “अहो, डोळ्यांना ढळढळीत दिसतोय वावर!”

“तुमाले दिसत असन तं घेऊन जा,” फुलमती म्हणाली, आणि पुढचं सगळं कोरकूत.

इकडे गावंडे खाली बसला होता. त्यानं राखेखालची माती बोटांनी उकरली. दोन बोटं गेली आणि नख दगडावर वाजलं. त्यानं आणखी एका जागी उकरलं, आणखी एका. शेतकऱ्याचा मुलगा. “महाराज,” तो हळूच म्हणाला, “इथी नांगर टाकला तं मोडन हो. हे वावर नोहे.” मग मोठ्यानं, “साहेब...”

“थांबा तुम्ही,” साहेब म्हणाले. ते स्वतःला सावरत होते. सज्जन माणूस, बाईमाणसावर ओरडल्याची लाज वाटत असावी. त्यांनी सूर बदलला, जरा गोड केला. “बरं, ते राहू द्या. मला एवढं सांगा बाई, इथे वाघाचा वावर आहे का?”

बायका जवळ सरकल्या. फुलं पडत होती तेवढीच. एक साहेबांच्या हॅटवर वाजलं.

“वाघाचं वावर?” फुलमतीनं विचारलं.

“हो. वाघाचा.”

“वाघ काहून वावर करन, साहेब?” तिचा राग पार उतरला होता. ऊन लागलेल्या माणसाशी बोलावं तशा मायेनं ती बोलत होती. “त्याले काय जवारी पेराची हाय?” मग जरा विचार करून, न्यायानं, “अस्वलाले इचारा. थे येते मोहासाठी. थे करत असन तं माईत नाही.”

बायका हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. एकीची टोपली कलंडली. मी हसलो, आणि हसता हसताच मला सगळा घोटाळा उमगला. मोठे साहेब, ओलीत, झरा, सगळं एकावर एक कोसळत गेलं. गावंडे मात्र हसत नव्हता. तो लेलेसाहेबांपुढे उभा राहिला, हात राखेनं माखलेले.

“साहेब, तुमचा वावर म्हंजे काय?”

“म्हणजे? वावर. येणंजाणं.”

“येनंजानं?” गावंडेनं डोळे मिटले. “साहेब, मी तं शेत म्हनून लाल केलं.”

लेलेसाहेब खाली बसले. दगडावर नव्हे, तिथेच, राखेत. त्यांनी हॅट काढली. हॅटच्या काठात मोहाची फुलं साठली होती.

परत आल्यावर ते पठार नकाशावरून काढायचं होतं. कापडी नकाशावरची शाई पुसत नाही, पात्यानं खरवडावी लागते. गावंडेनंच खरवडली. रंग त्यानं इतक्या मायेनं भरला होता की तो निघेना. शेवटी लाल गेला, पण कापडही गेलं. जामढाण्याच्या डोक्यावर नकाशाला एक भोक पडलं. मोठ्या साहेबांनी ते भोक उजेडाकडे धरून पाहिलं. लेलेसाहेबांनी समजावलं. मोठ्या साहेबांनी भोक खाली ठेवलं. मग म्हणाले, “येण्याजाण्याला वावर म्हणता, तर मग शेताला काय म्हणता तुम्ही लोक?” “शेत,” लेलेसाहेब म्हणाले. “मग आमचं वावर कुठं ठेवता?” जामढाणा उठवायचा हुकूम तिथेच राहिला.

मेधाला मी हे सगळं सांगितलं. बकरीसकट. ती हसली, आणि मग तिनं चित्र मोठं करत करत ती जागा शोधली. सिपनेच्या वळणापासून मी बोटानं वाट दाखवली. आता डोळ्यांनी तितकं चालवत नाही, पण ती वाट पाठ आहे. तांबड्या रानात तो फिकट ठिपका होता. तेवढाच, तिथेच.

“काय असेल हे?” तिनं विचारलं. “माझ्या नोंदीत मी काय म्हणू?”

इतक्या उंचावरून खराट्याच्या रेघा दिसत नाहीत. राख कुणी केली, कशासाठी केली ते दिसत नाही. जमीन उघडी आहे एवढंच दिसतं, आणि ते खरंही असतं. माणूस जिथे राहतो तिथलं जंगल झिजतंच. मोहाखालचा पाला जळतो, फांदी तुटते. मी काही जामढाण्याचा वकील नव्हे. पण आमच्या नकाशात माणूस लाल होता, तिच्या चित्रात जंगल लाल आहे, आणि त्या पठाराला दोन्हींत नेमका रंग सापडला नाही. एकदा भोक पडलं, आता फिकट. मी तिला म्हटलं, तिथे जाऊन ये. मोहाच्या दिवसांत जा. आणि कुणाला काही विचारायच्या आधी, तुझा शब्द त्यांच्याकडे काय करतो ते विचार.

जाईल ती. तिचा आवाज ऐकून वाटलं. तिला मी आणखी एक सांगणार होतो, पण तेवढ्यात ओट्याकडून हरभऱ्यांसाठी हाक आली, ते राहिलं. ते इथे सांगतो.

त्या दिवशी मोहाखाली लेलेसाहेब उठले. कपड्यांची राख त्यांनी झटकली नाही. हॅट तशीच हातात, फुलांसकट. ते फुलमतीसमोर गेले आणि, मी ऐकलं आहे म्हणून सांगतो, एवढ्याशा वस्तीतल्या बाईसमोर मान लववून म्हणाले, “बाई, चूक आमची झाली. तुमचं गाव कुठेही जाणार नाही. मी शब्द देतो. इथे वावर आहे, पण वावर नाही, हे मी वर कळवतो.”

आम्ही सगळे थांबलो होतो. मागच्या बायकाही. आता ही बाई रडेल, पाया पडेल, निदान हात तरी जोडेल, असं मला वाटलं. गावंडेलाही तसंच वाटलं असावं. त्यानं आधीच डोळे पुसले होते. फुलमतीनं साहेबांकडे पाहिलं. मग त्यांच्या बुटांकडे. मग माझ्या, मग गावंडेच्या.

“मंग सरका ना जराक,” ती म्हणाली. “मोह तुडवून राहिले तुमी.”